मदत येईपर्यंत

गडावर एका झऱ्यावर विसंबू नये, तोफांच्या धडाक्याने झरे आटतात, म्हणून साठ्याची टाकी असावीत, असे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावले. राजगडावरचे पद्मावती तळे आपण सहलीत पाहतो. त्यामागचा हिशेब पाहत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले. ती वार्ता बाहेर नेली एस.टी.च्या चालकाने. तोवर गाव एकटेच होते!

म्हणून भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावरील प्रत्येक घराने मृगापूर्वीच विजेरी, शिटी, दोर, फुटाणे-गूळ, पाण्याची बाटली आणि मेणकापडात गुंडाळलेली कागदपत्रे एका पिशवीत भरून दाराशी टांगावीत. उताराला भेग पडली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळले, की घर सोडावे. गुरांची दावी मात्र त्याआधी सोडावीत.