जमिनीचा ठराव आणि चावडीचा उजेड

(दासगाव, ता. महाड येथे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



सार्वजनिक पैशाने जमीन विकत घेणे आणि जमिनीचा वापर नकाशात बदलून घेणे, ही कामे आपल्याकडे वेगवेगळ्या कचेऱ्यांत चालतात. खरेदीचा ठराव स्थानिक संस्था करते. वापरबदलाचा प्रस्ताव नगररचना खात्यातून मंत्रालयात जातो. त्यामुळे मधल्या काळात भोवतालची जमीन कोणी आणि कोणत्या भावाने घेतली, हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर येत नाही. आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

ठरावाची किंमत या परिसराला सांगावी लागू नये. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केला. तीन वर्षे तो दप्तरातच राहिला. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात पालिकेने तो ठराव मागे घेतला! डिसेंबरात बाबासाहेब याच दासगाव बंदरावर उतरून महाडला गेले. परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या गृहस्थांनी आपली जमीन दिली. तळ्याचा दावा १९३७ साली उच्च न्यायालयात निकालात निघाला. लोकांची नजर नसेल तर ठराव होतो, झोपतो आणि रद्दही होतो, हा त्यातला बोध आहे.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ३७ नुसार विकास योजनेत किरकोळ फेरबदल करायचा तरी राजपत्रात सूचना देऊन महिनाभर हरकती मागवाव्या लागतात. माहिती अधिकाराचा कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम ४ प्रमाणे महत्त्वाच्या निर्णयामागची वस्तुस्थिती आणि कारणे सरकारी यंत्रणेने आपण होऊन प्रसिद्ध करायची असतात. पण खरिपाच्या लावणीत गुंतलेला शेतकरी राजपत्र कुठे वाचणार? सूचना निघाली हे खरे, ती पोचली नाही हेही तितकेच खरे.

याचे परिणाम दूर नाहीत. राजापूर तालुक्यात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना मे २०१७ मध्ये निघाली. बाहेरच्या खरेदीदारांनी त्याआधीच जमिनी घेऊन ठेवल्या, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. मार्च २०१९ मध्ये तेथील प्रकल्प रद्द झाला. बदललेले सातबारे मात्र आपोआप परत फिरत नाहीत. गोव्यात २०२३ साली नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालून प्रादेशिक आराखड्यातील ‘चुका’ दुरुस्त करण्याची वाट काढली गेली. चुकीची दुरुस्ती म्हणून एकेका भूखंडाचा विभाग बदलू लागला, तोही लोकांच्या हरकती न मागवता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालील नियम रद्द ठरवले. चूक कोणाची, दुरुस्ती कोणाच्या लाभाची, हे विचारणारे नागरिक कोर्टात गेले म्हणूनच हे झाले.

आणि आपली कथा काय? जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. ज्यांची घरे गाडली गेली, त्यांनी अनेक वर्षे पत्र्याच्या निवाऱ्यात काढली. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ८० हून अधिक माणसे गेली. आपत्तीग्रस्ताला सुरक्षित चार गुंठे देताना मोजणी, मालकी, निधी अशा शंभर अडचणी निघतात. मग शेतीचा पट्टा रहिवासी विभागात घालताना त्याच अडचणी कशा विरघळतात, हे विचारण्याचा अधिकार या गावाइतका दुसऱ्या कोणाला आहे?

अधिकारी म्हणतात, आधी बोभाटा झाला तर जमिनीचे भाव चढतात आणि संस्थेचेच नुकसान होते. या म्हणण्यात तथ्य आहे. वाटाघाटी चालू असताना काही गोपनीयता मी मान्य करीन. परंतु ती गोपनीयता दलालापर्यंत पोचत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे. बातमी त्याला आधी कळते आणि कुळाला शेवटी. ज्या गुप्ततेने फक्त गावच अंधारात राहते, तिने सार्वजनिक पैसा वाचत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. खरेदीचा ठराव होताच सर्व्हे नंबर, क्षेत्र, ठरलेली किंमत आणि शीघ्र सिद्ध गणकातील दर चावडीवर मराठीत लावावा. वापरबदलाच्या प्रस्तावाला त्या व लगतच्या जमिनींचे गेल्या पाच वर्षांतील फेरफार जोडावेत. ठरावावर मत देणाऱ्या प्रत्येक सदस्याने आपले व आपल्या कुटुंबाचे त्या परिसरातील हितसंबंध लेखी जाहीर करावेत. हरकतींची सुनावणी गावात, ग्रामसभेसमोर व्हावी आणि प्रत्येक हरकतीला कारणासह उत्तर मिळावे.

यासाठी नवे सरकार यावे लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत हे मुद्दे विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची नक्कल मागा. नक्कल मिळेपर्यंत उठू नका.