हस्तर आला कुठून?

हेडफोन लावलेत ना? आज हस्तरबद्दल बोलूया. हो, ‘तुंबाड’मधलाच. २०१८ला पिक्चर आला तेव्हापासून कित्येकांना वाटतं, हा आपल्याच पुराणातला कुणीतरी विसरलेला देव असणार. तसं नाहीये. नाव अमेरिकेतून आलंय, आणि वाटेत बराच काळ रद्दीच्या लायकीच्या कागदावर राहिलंय.

१८९१मध्ये अँब्रोस बिअर्सच्या एका कथेत हॅस्टर हा मेंढपाळांचा देव होता. साधा, भला. १८९५मध्ये रॉबर्ट चेंबर्सनं ‘द किंग इन यलो’मध्ये ते नाव उचललं. तिथे एका कथेत हॅस्टर म्हणजे चक्क ससाणे सांभाळणारा नोकर! राक्षस अजून कुठेच नाही.

मग आली पल्प मासिकं. पल्प म्हणजे लाकडाचा लगदा. त्याचा स्वस्त, खरखरीत कागद, जो थोड्या वर्षांत पिवळा पडून बोटांत तुटायला लागतो. वर भडक चित्र, आत भुतं आणि पिशाच्चं. ‘वीअर्ड टेल्स’ १९२३ला सुरू झालं. लेखकाला पैसे शब्दांच्या हिशोबानं, तेही छापून आल्यावर, कधी त्याच्याही कितीतरी नंतर. ‘कोनान’वाला रॉबर्ट हॉवर्ड १९३६मध्ये गेला तेव्हा तीस वर्षांचा होता, आणि त्याच्या आदल्या वर्षीच मासिकाकडे त्याचे ८०० डॉलरहून जास्त थकलेले होते. माझ्याच वयाचा म्हणायचा. एक तारखेला पगार जमा होणाऱ्या माणसाला हा आकडा टोचतो.

१९३१मध्ये लव्हक्राफ्टनं याच मासिकातल्या एका कथेत हॅस्टरचं नाव नुसतं ओझरतं घेतलं. बस, एवढंच. पण त्याची एक सवय होती: आपली नावं मित्रांनी खुशाल वापरावीत, आपणही त्यांची वापरावीत. आमच्या भाषेत, कुणीही फोर्क करा. तो १९३७मध्ये गरिबीत वारला. त्याचा मित्र ऑगस्ट डर्लेथनं १९३९मध्ये ‘द रिटर्न ऑफ हॅस्टर’ लिहिली, आणि मेंढपाळांचा देव पक्का राक्षस झाला.

पुढे स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’ कथेत, १९८४मध्ये, मरायला टेकलेली चेटकीण आजी आणि तिच्यासोबत घरात एकटा पोरगा. मंत्रात पुन्हा हॅस्टर. त्यावर बेतलेली नारायण धारपांची ‘आजी’. आणि धारपांच्या कथेवरून राही अनिल बर्वेच्या डोक्यात ‘तुंबाड’.

“म्हणजे कॉपीच की!” असं कमेंटमध्ये येणार, माहितीये. मग पहिली कॉपी कुणाची, चेंबर्सची? मला उसनवारीचं काही वाटत नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव पुसलं जातं, त्याचं वाटतं. हस्तर सगळ्यांना माहितीये, धारप किती जणांनी वाचलेत?

बाकी, पल्पवाल्यांकडे अमरत्व हे बहुतेकदा वरदान नसतंच. लव्हक्राफ्टच्या ‘कूल एअर’मधला डॉक्टर फक्त थंडीवर टिकून असतो, कूलिंग मशीनचा पंप बिघडतो आणि खेळ खलास. बॅकअप नाही! पण ‘तुंबाड’मधल्या म्हातारीला तेवढी सहज सुटका नाही. अंगातून झाड उगवलंय, आणि जीव जात नाही.

‘तुंबाड’ परत लावलात तर तिचा सीन हेडफोन लावून बघा. आणि लायब्ररीत धारप मागा. भेटू पुढच्या भागात.