बोट पुढं करा : स्वागताध्यक्षांचं भाषण



 बुरशीवर परिषद भरवायची तर डॉक्टर मंडळी, तुम्ही पिंपळगाव बसवंत हे गाव बरोबर निवडलंत. मी डॉक्टर नाही, द्राक्षवाला आहे. गोडी छाटणीनंतर आभाळ आलं की पानावर डावणी रोगाचा डाग दिसायची वाट आम्ही बघत नाही. फवारणीचा पंप आधीच बाहेर निघतो. पण तोच बागायतदार स्वतःच्या रक्तातली साखर वर्ष वर्ष तपासत नाही. हंगामात मधुमेहाच्या गोळ्या चुकतात आणि मार्केटात उभ्याउभ्या गोड चहा चालूच असतो.

याची किंमत २०२१ मध्ये कळली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझ्या ओळखीच्या एका आडत्याची वरची दाढ हलू लागली, गाल बधिर झाला. दाढ काढली, जखम भरेना, टाळू काळी पडली. तेव्हा कुठं साखर पाहिली, तर चारशेच्या वर! म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार. वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला. त्यावरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी घरच्यांनी रात्री जागून फोन फिरवले. त्याच मे महिन्यात केंद्रानं या आजाराची नोंद साथरोग कायद्याखाली सक्तीची करायला राज्यांना सांगितलं आणि राज्यानं त्याचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतले.

ही बुरशी बाहेरून आलेली नव्हती. शेणखतात, कुजक्या पाल्यात ती कायमच असते. तिचे बीजाणू आपल्या सगळ्यांच्या नाकात जातात. साखर चढली की पांढऱ्या पेशी तिला आवरत नाहीत. रक्तात आम्ल वाढलं की लोह मोकळं होतं आणि त्यावर ती फोफावते. त्यात कोरोनावरच्या स्टेरॉइडची भर पडली की विचारूच नका.

लाट ओसरली, पण तोंडातला पांढरा थर, जांघेतली खाज, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या हे साखर वाढलेल्यांचे बुरशीचे त्रास आहेतच. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमानं खाज थांबते, नायटा मात्र पसरतो.

मधुमेहाचा असा रुग्ण साखरेच्या डॉक्टरकडे जात नाही. तो दातांच्या, डोळ्यांच्या, कान-नाक-घशाच्या नाहीतर कातडीच्या डॉक्टरकडे येतो. म्हणून यातल्या प्रत्येकाच्या टेबलावर ग्लुकोमीटर असावा, असा ठराव आपण आज करावा, ही माझी विनंती.

मंडपाच्या दाराशी साखर तपासायचं टेबल मांडलं आहे. बागायतदार मंडळींनी जेवायला बसण्याआधी तिथं बोट पुढं करावं.