लाकडावरचे नाव

 

राहू बेटात, म्हणजे भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या मुलखात, बैलगाडी ठाऊक नाही असे म्हातारे माणूस सापडायचे नाही. त्या गाडीचे चाक आठवा. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, भोवती पुठ्ठे आणि वरून लोखंडी धाव. एक आरा सैल बसला, की चाक डुगडुगलेच म्हणून समजा. वाकस, पटाशी आणि किकरे एवढ्या हत्यारांवर सुतार हे सारे बिनचूक जुळवीत असे. आता सांगा, तुमच्या आजोबांच्या गाडीची चाके कोणी केली? नाव आठवते का? बहुधा नाहीच आठवायचे. आजची गोष्ट आहे ती या नावाचीच. त्यासाठी जरा लांब जाऊ, थेट फ्रान्स देशातल्या पॅरिस शहरात.

तिथे अडीच-तीनशे वर्षांपूर्वी राजेरजवाड्यांसाठी मेजे आणि कपाटे तयार होत. वरून पाहावे तर फुलांचे गुच्छ नि वेलपाने चितारलेली. पण रंगाचा थेंब नाही, बरं का! ते सारे चित्र लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे. आधी साध्या लाकडाचा सांगाडा करायचा. मग निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे बारीक करवतीने कापायचे, एकमेकांत बसवायचे आणि सरसाने सांगाड्यावर चिकटवायचे. या कामाला ते लोक 'मार्केत्री' म्हणतात. पानाला सावली हवी असली, तर तुकड्याची कड तापलेल्या वाळूत खुपसायची. आपल्याकडे भट्टीवाला वाळूत फुटाणे भाजतो ना, तशी ती कड तपकिरी होई.

आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा तिथला नामांकित कारागीर. तो पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचे पातळ कवच एकावर एक ठेवून दोन्हींतून एकदमच नक्षी कापी. पितळेची वेल कवचात बसे आणि कवचाची वेल पितळेत. कापणी एक, नक्ष्या दोन, वाया फारसे काही नाही!

तुम्ही म्हणाल, हे परदेशाचे कौतुक झाले. तर थोडे मुंबईकडे या. एकोणिसाव्या शतकात मुंबईत 'सादेली' कामाच्या पेट्या होत आणि 'बॉम्बे बॉक्स' या नावाने विलायतेला जात. हे काम इराणातून सिंध-गुजरातकडे आले आणि सुरतेहून मुंबईला. हस्तिदंत, अबनूस, शिंग, कथील यांच्या बारीक काड्या जुळवून, सरसाने चिकटवून जुडी करायची. मग आपण उसाचे करवे काढतो, तशा तिच्या आडव्या, कागदासारख्या पातळ चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर तीच चांदणी उमटलेली! त्या चकत्या पेटीवर चिकटवायच्या. आज भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे, ती योग्यच. सुरतेत काही घरांनी हे काम अजून जतन केले आहे.

आता नावाकडे येतो. पॅरिसच्या सुतारसंघाने १७४३ मध्ये नियम केले आणि ते १७५१ मध्ये अमलात आले. संघातल्या प्रत्येक उस्तादाने आपल्या कामावर स्वतःच्या नावाचा लोखंडी ठसा ठोकायचा. काम खोटे निघाले, तर जबाबदार कोण ते कळावे, हा हेतू. १७९१ मध्ये तिथले कारागीर-संघच बंद झाले. पण कुणाचे काम कोणते, हे त्या ठशांवरून आजही सांगता येते.

मात्र नावातही फसगत असते. पंधराव्या लुईचे प्रसिद्ध मेज आज व्हर्सायच्या राजवाड्यात आहे. ते १७६० मध्ये ओबेन नावाच्या उस्तादाने हाती घेतले. तो १७६३ मध्ये वारला. त्याच्या कारखान्यातल्या रीझनरने १७६९ मध्ये ते पुरे केले, आणि लाकडात जडवलेली सही आहे ती एकट्या रीझनरची. मग एकेक पाकळी कापणारे हात तर दूरच राहिले.

आपल्याकडे तर ठशाची चालच नव्हती. सादेलीच्या बहुतेक पेट्या बिननावाच्या. गावच्या सुताराला बलुते मिळे, पण त्याचे नाव तिफणीवर कधी आले नाही. आता ट्रॅक्टर आला, गाड्यांना रबरी धावा आल्या. चाक करणारे हात थकले. काही गेलेही. ज्यांना त्यांची नावे ठाऊक आहेत, अशी माणसे अजून पारावर बसलेली आहेत. तीही गेली, की विचारायचे कुणाला?

म्हणून गुरुजी, बाई, एक काम करा. मुलांना घरातली एकेक जुनी लाकडी वस्तू शोधायला लावा. देव्हारा, पेटी, तिफण, काहीही चालेल. ती कोणी केली, लाकूड कोणते, कोणत्या साली, हे आजी-आजोबांना विचारून वहीत उतरवू द्या. सांधा कसा बसवला आहे, त्याचे चित्रही काढू द्या. आणि गावात अजून एखादा जाणता सुतार असेल, तर त्याला एक दिवस वर्गात बोलवा, खुर्चीवर बसवा आणि सांधा कसा धरतात ते त्याच्याच हातून मुलांना पाहू द्या. पॅरिसच्या उस्तादाने आपला ठसा स्वतः ठोकला. आपल्या सुताराचा ठसा आपण वहीत उमटवू.

राम राम!