मोहाखालचा सरवा

(सुगीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी शहरातील एका मंडळीत केलेले भाषण)



आज वेदीपुढे आपण भाताच्या ओंब्या, भोपळे, नारळ, केळीचे घड मांडले आहेत. त्यांच्या शेजारी मी एका द्रोणात मूठभर वाळलेली फुले ठेवली आहेत. मघाशी एका लहानग्याने विचारले, "मावशी, या मनुका आहेत का?" दिसतात तशाच. पण ती मोहफुले आहेत. गडचिरोली जिल्ह्यात आपल्या संस्थेचे काम ज्या गावांत चालते, तिथल्या बायांनी ती वेचली आहेत. भाताच्या आधीची त्यांची सुगी ती हीच.

गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा. शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर, एका पिकाची. फेब्रुवारी-मार्चपर्यंत घरातले भात कमी होऊ लागते, आणि नेमका तेव्हाच मोह फुलतो. रात्री फुले गळू लागतात आणि सकाळी उन्हे चढेपर्यंत गळत राहतात. बाया पहाटे अंधारातच टोपली घेऊन निघतात. कोणते झाड कोणत्या घराने वेचायचे हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते. फुले अंगणात वाळवायची, काही घरात खायला ठेवायची, बाकीची विकून मीठ, तेल, कपडा, मुलांच्या वह्या आणायच्या.

आता माझी एक चूक सांगते. तुम्ही दिलेल्या पैशांचीच ती गोष्ट आहे, म्हणून ती तुमच्यापुढे कबूल केलीच पाहिजे.

मी या कामावर आले तेव्हा डिप्लोमाची वही ताजी होती आणि उत्साहही भरपूर होता. पहिल्याच पावसाळ्यात आम्ही रोपे वाटली. फोटो काढले. या पत्रिकेत ते छापूनही आले. पुढच्या मे महिन्यात पाहते तो बरीचशी रोपे सुकलेली, उरलेली शेळ्यांनी खाल्लेली. मी गावच्या बैठकीत जरा रागानेच बोलले. एक आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या झाडाले पानी आमी घालाचं. अन् आमच्या झाडाखाली दरसाल आग लागते, थे कोन पाहाचं?"

मला उत्तर देता आले नाही. ती आग मी कधी पाहिलीच नव्हती.

त्या आजींनीच मला ती दाखवली. मोह फुलतो तेव्हा खाली वाळल्या पानांचा थर असतो. त्यात पडलेले फूल दिसत नाही. म्हणून फुले गळायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवून जमीन मोकळी करतात. झाडून काढायला बराच वेळ लागतो, काडी ओढायला क्षणभर. पण ती आग झाडाखालीच थांबते असे नाही. वारा सुटला की डोंगरभर जाते. मोठी झाडे तगतात, पण खाली उगवलेली लहान रोपटी जळून जातात. आजी म्हणाल्या, त्यांच्या गावात म्हातारे मोह पुष्कळ आहेत, तरणा मोह शोधून सापडत नाही. बी पेरल्यापासून फुलावर यायला मोहाला दहा-एक वर्षे तरी लागतात. म्हणजे आज जळालेले रोपटे नातवंडाच्या ताटातून जाते.

आग लावणाऱ्यांना दोष देऊ नका, अशी माझी विनंती आहे. पहाटे चारला उठून चार-पाच झाडे एकटीने सांभाळणाऱ्या बाईला वेळ वाचवायचा असतो. तिला दुसरा मार्ग हाताशी मिळाला, तर तिलाही जंगल जळायला नकोच आहे.

तो मार्ग फार मोठा नव्हता. झाडाखाली चार खुंटांना बांधून जमिनीपासून थोडी वर जाळी ताणायची. फुले जाळीवर पडतात. पाला जाळावा लागत नाही, वाकून वेचावे लागत नाही, फुलाला माती लागत नाही. पहिल्या वर्षी थोड्याच घरांनी हे करून पाहिले. काहींनी जाळीऐवजी जुन्या साड्या शिवून बांधल्या. त्यासोबत गावाने जाळरेषा काढली, म्हणजे कडेच्या पट्ट्यातला पाला झाडून साफ केला, आणि रात्रीच्या राखणीची पाळी लावली.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये एका रात्री मला उठवले. पलीकडच्या उतारावरून आग येत होती. बाया, तरुण, शाळकरी पोरे, सगळे हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होते. मीही एक फांदी तोडून घेतली. धुराने डोळे उघडत नव्हते. पहाटेपर्यंत आग जाळरेषेवर अडली, पण काही जाळ्या गेल्या. सकाळी राखेत बसलेल्या एका सुनेला मी म्हटले, "नवीन जाळी देऊ." ती म्हणाली, "जाळी द्याल ताई, पन त्या गावाशी बोलनार कोन?" आग शेजारच्या गावाकडून आली होती. त्यानंतर महिनाभर आम्ही वेगळे काही केले नाही. दोन्ही गावांच्या माणसांना एकत्र बसवले. आज राखणीची पाळी दोन्ही गावांची मिळून असते. काही वर्षी आग लागतेही. पण आता ती कोणाची, यावरून भांडण होण्याआधी ती विझवायला माणसे धावतात.

दुसरी अडचण बाजाराची. घरात नड असते, म्हणून फुले वाळली की लगेच विकावी लागतात. सगळ्यांचा माल एकदम येतो, भाव पडतो. पुढे पावसाळ्यात तीच फुले त्याच दुकानातून चढ्या भावाने परत आणताना मी बायांना पाहिले आहे. म्हणून गटाने साठवणीची एक कोरडी खोली आणि फिरता निधी सुरू केला. फुले खोलीत ठेवायची, नडीपुरती उचल घ्यायची, भाव आला की विकून उचल फेडायची.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो आपल्यातल्या एका वडिलांनी मागे मला सभेत विचारला होता: "आमचे दान दारूच्या फुलासाठी का?" त्या दिवशी मी गप्प राहिले. आज उत्तर देते.

मोहाची दारू होते हे खरे. दारूने मोडलेली घरे मी पाहिली आहेत. पण गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि त्यासाठी झालेल्या चळवळीत गावोगावच्या बाया पुढे होत्या. त्याच बाया पहाटे मोहही वेचतात. त्यांच्या लेखी मोह आधी अन्न आहे. तो भाजून, उकडून, भाकरीत घालून खातात. बियांचे तेल काढतात. आमच्या खोलीतले एकही फूल भट्टीवर जाणार नाही, असे वचन मी देऊ शकत नाही. पण जिच्या घरात साठा आहे आणि हातात भाव आहे, ती बाई भट्टीवाल्याला नाही म्हणू शकते. नड असलेली बाई म्हणू शकत नाही. द्राक्षाची दारू होते म्हणून आपण वेल उपटत नाही.

आणि हे आपण त्यांच्यावर उपकार करतो आहोत असेही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क त्यांना दिला आहे, आणि जंगल राखण्याची जबाबदारी ग्रामसभेवर टाकली आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी हे सर्वसहमतीने, वर्षानुवर्षे चर्चा करून मिळवले. बाहेरच्या माणसाने तिथे अभ्यासाला मदत करायची, निर्णय गावाने घ्यायचा. मला ही शिकवण रोपे सुकल्यावर मिळाली.

प्रियजनहो, रूथची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. परकी, विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. लेवीय १९ मध्ये नियम होता की शेताचा कोपरा कापू नये, पडलेले कणीस उचलू नये, ते गरिबासाठी असावे. म्हणजे वेचणाऱ्याचा तो हक्क होता, भीक नव्हती. अनुवाद २० मध्ये तर वेढा घातलेल्या शत्रूच्या नगराभोवतीचीही फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा आहे. आणि उत्पत्ती २ मध्ये माणसाला बागेत ठेवले ते मशागत करायला आणि राखायला. आपण मशागत लक्षात ठेवली, राखण विसरलो. त्या आजी शास्त्र वाचत नाहीत, आपल्या मंडळीच्या सभासदही नाहीत. आमच्या कामात कोणालाही धर्म विचारला जात नाही. पण राखण म्हणजे काय, हे मला त्यांनी शिकवले.

येत्या मार्चपूर्वी आम्हांला तीन गोष्टी हव्या आहेत. जाळ्यांसाठी मदत. फिरत्या निधीत भर. आणि तिसरी, रोपांसोबतचे फोटो मागू नका. उभे झाड वाचले, याचा फोटो निघत नाही. त्यासाठी आमच्यावर विश्वास ठेवा, आणि शक्य असेल तर स्वतः या. पहाटे उठायची तयारी ठेवा.

उपासना संपल्यावर द्रोणातली फुले कृपया चाखून पाहा. गोड आहेत.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.