अप, ऑफ आणि आपलं ‘टाकणं’



बोरी अरबहून दारव्ह्याला, यवतमाळला शिकायला जाणाऱ्या मुलांची इंग्रजीबद्दल एक तक्रार असते: शब्द सगळे ओळखीचे, तरी वाक्य कळत नाही. समजा, मोबाइलवर निरोप आला की मुलाखत ‘पुट ऑफ’ झाली. म्हणजे ती पुढं ढकलली. तयारी चालू ठेवा. ‘कॉल्ड ऑफ’ असेल, तर मुलाखत रद्दच. ‘कॉल’ दिसला म्हणून फोनची वाट पाहत बसलात, तर फसलात.

क्रियापद आणि ‘ऑफ’सारखा छोटा शब्द यांच्या अशा जोड्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जातात त्या याच, असं सॅम्युअल जॉन्सननं 1755 सालच्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवलंय.

पण मराठी माणसाला ही तऱ्हा नवी नाही. मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांची चर्चा आहे. अशी क्रियापदं आपण दिवसभर वापरतो. ‘भाकर खाऊन घे’ म्हणताना माया असते, ‘खाऊन टाक’ म्हणजे एकदाची संपव, आणि ‘पैसे खाऊन बसला’ म्हटलं की राग. खाणं तेच, शेवटचा शब्द अर्थ फिरवतो.

इंग्रजी हे काम अप, ऑफ, आउट अशा शब्दांकडून करून घेते. ‘अप’ पुष्कळदा आपल्या ‘टाकणं’सारखा: ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणं, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणं. ‘ऑफ’मध्ये बहुधा सुटणं, तुटणं, दूर होणं असतं. मात्र हा अंदाज दर वेळी लागू पडत नाही. ‘लुक फॉर’ शोधणं, ‘लुक आफ्टर’ सांभाळणं, ‘लुक इन्टू’ चौकशी करणं. यांचे अर्थ शिकूनच घ्यावे लागतात.

म्हणून नुसत्या याद्या पाठ करू नका. प्रत्येक जोडी घरातल्या, शेतातल्या वाक्यात बसवा. ‘पंप बंद कर’ म्हणजे ‘टर्न ऑफ द पंप’. पण ‘तो बंद कर’ म्हणायचं, तर ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चालत नाही. उलट ‘लुक आफ्टर हिम’मध्ये ‘हिम’ शेवटीच राहतो. अशी जागा वाक्यासकट शिकलं तरच अंगवळणी पडते.

आणि शब्दकोश उघडलात की क्रियापदाच्या पहिल्या अर्थावर थांबू नका. नोंदीच्या तळाशी जा. या जोड्या बहुतेक कोशांत तिथंच दिलेल्या असतात.