मोजणीला कोण हजर होतं?



संमेलनाच्या अध्यक्षाने सुरुवातीला आपण या पदाला लायक नसल्याचं सांगायचं असतं. ते मी टाळतो, निवड समितीचा उगाच अपमान होतो. माझी लायकी एवढीच, की गाडीच्या मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन मी एकवीस वर्षं ड्राइव्ह टेस्ट केली, म्हणजे रस्तोरस्ती मोबाइलचा सिग्नल मोजत फिरलो. मी अजून नोकरीत आहे. माझी मान आणि कंबर मात्र केव्हाच निवृत्त झाली.

माझे वडील भूकरमापक होते. शेताची मोजणी निघाली की लगतच्या खातेदारांना आधी नोटीस जायची. त्या दिवशी बांधाच्या दोन्ही बाजूंचे लोक हजर असायचे, बहुतेक वेळा भांडत असायचे. साखळी कुठल्या दगडापासून धरली हे दहा जण डोळ्यांत तेल घालून बघायचे आणि मग पंचनाम्यावर सह्या व्हायच्या. वडील म्हणायचे, भांडण झालं नाही त्या मोजणीवर माझा विश्वास नाही. आपण हवेची मोजणी करतो. आपल्या मोजणीला तक्रारदार सहसा हजर नसतो. आज मला याच एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडा इतिहास. आपल्या धंद्याचा मूळपुरुष जपानी आहे. योशिहिसा ओकुमुरा यांनी टोकियो आणि आसपासच्या भागात गाडीत यंत्रं लादून रेडिओ लहरींची ताकद मोजली आणि १९६८ मध्ये त्याचे आलेख प्रसिद्ध केले. पुढे १९८० मध्ये हाता यांनी त्या आलेखांची सूत्रं बनवली. आजही कुठल्याही प्लॅनिंग टूलचं पोट उघडा, आत हाता सापडतो किंवा त्याची भावकी. मोबाइल जाळ्याचा पाया घातल्याबद्दल २०१३ चा ड्रेपर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत ओकुमुरा होते. पण गंमत बघा, ते सूत्र १५० ते १५०० मेगाहर्ट्झचं, एक ते वीस किलोमीटर अंतराचं आणि बऱ्यापैकी सपाट जमिनीचं. सह्याद्रीने ते वाचलेलं नाही. म्हणून तर आपल्याला गाडी काढावी लागते.

जुन्या मंडळींना आठवत असेल, तेव्हा गाडीत काय काय असायचं. एरिक्सनकडे जन्मलेलं टेम्स किंवा फिनलंडचं निमो हे मोजणीचं सॉफ्टवेअर चालवणारा लॅपटॉप, तीन-चार हँडसेट, स्कॅनर, टपावर चिकटवलेला जीपीएस, लायटरच्या सॉकेटमधून ओढलेली वीज आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं डोंगल. ते डोंगल आम्ही मंगळसूत्रासारखं जपायचो. आता जी-नेटट्रॅकसारखं ॲप खिशातल्या अँड्रॉइडवर आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद, आरएसआरक्यू म्हणजे त्याचा दर्जा, सेलचा क्रमांक, शेजारचे सेल असं बरंच काही दाखवतं. टॉवर आणि फोन यांच्यात चाललेला लेयर थ्रीचा पत्रव्यवहार मात्र त्याला सहसा दिसत नाही. त्यासाठी चिपच्या आतलं दार उघडावं लागतं.

आता आकड्यांकडे येतो, कारण आकड्यांच्या आडच आपण सगळे लपतो. उणे ९० डीबीएम म्हणजे एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग. उणे १२० म्हणजे त्याचाही हजारावा. एवढ्याशा कुजबुजीवर फोन संभाषण उभं करतो, हे मला अजूनही नवल वाटतं. शिवाय आरएसआरपी हे १५ किलोहर्ट्झच्या एकाच उपवाहकाचं माप आहे आणि आरएसएसआय पूर्ण पट्ट्याचं. २० मेगाहर्ट्झच्या ४जी पट्ट्यात असे बाराशे उपवाहक असतात, म्हणजे पूर्ण भार असताना या दोन आकड्यांत तीसएक डीबीचा फरक पडतो. तरी तक्रारीला उत्तर देताना एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर खपवणारे लोक मी पाहिले आहेत. फोनवरच्या दांड्यांबद्दल तर बोलायलाच नको. दांड्यांना सर्वमान्य माप नाही. २०१० मध्ये ॲपलनेच कबूल केलं होतं, की त्यांच्या फोनमधलं दांड्यांचं सूत्र चुकलेलं आहे.

सरासरीचीही एक खोड सांगतो. एका ठिकाणी उणे ७०, दुसऱ्या ठिकाणी उणे ११०. डीबीमध्ये सरासरी काढा, उणे ९० येते. आधी ताकदीत बदलून काढा, उणे ७३ येते. दोन्ही आकडे अहवालात शोभून दिसतात. दुसऱ्या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाचा अडखळणारा कॉल मात्र दोन्ही हिशेबांत दिसत नाही. नकाशाचंही तेच. हिरवा रंग उणे ९५ ला सुरू करायचा की उणे १०५ ला, एवढं सॉफ्टवेअरच्या एका खिडकीत बदललं की मोजणीची तीच लॉग फाइल उजाड तालुका हिरवागार करून देते. वनखात्याला इतक्या झटपट वनीकरण कधी जमलेलं नाही.

एक कबुली देतो. कोकणात उतरणाऱ्या एका घाटात आम्ही एका कंपनीसाठी टॉवरांच्या एका गटाचा आधी-नंतरचा, म्हणजे क्लस्टर अहवाल करत होतो. एका वळणावर कॉल हमखास कट व्हायचा. लॉग उघडला तर सगळं स्वच्छ दिसत होतं. जोडलेला सेल उणे ११९ पर्यंत बुडाला होता, दरीपलीकडचा दुसरा सेल उणे ८८ ला ठणठणीत ऐकू येत होता. फोन पुन्हा पुन्हा मेझरमेंट रिपोर्ट पाठवत होता, की शेजारचा चांगला आहे, मला तिकडे पाठवा. टॉवरच्या शेजारयादीत तो सेलच नव्हता, म्हणून उत्तर नव्हतं. दुरुस्ती फक्त यादीत एक नाव घालायची होती. पण अहवालाची मुदत संध्याकाळची. वरून सांगण्यात आलं, तेवढा दोन किलोमीटरचा तुकडा वगळ, रस्ता बंद होता असं लिही. मी लिहिलं. रस्ता बंद नव्हता. आमच्या मागून एसटी आली होती. पुढचे चार महिने त्या वळणावर लोकांचे कॉल कटत राहिले आणि ते ठाऊक असलेला माणूस पुण्यात निवांत झोपत होता.

त्या वळणावर मोजणीला एसटीचा कंडक्टर जरी हजर असता, तरी मला ते लिहिता आलं नसतं.

नंतर काही वर्षांनी संगमेश्वर तालुक्यात एका बाईंच्या तक्रारीवर गेलो. नकाशात त्यांचं घर हिरवं होतं, कारण गाडी ज्या रस्त्याने गेली तो रस्ता हिरवा होता आणि घर रस्त्यापासून बरंच वर, कलमांच्या बागेत होतं. मधली जागा सॉफ्टवेअरने अंदाजाने रंगवली होती. या वेळी मी गाडी सोडून फोन हातात घेतला आणि बाईंनाच पुढे चालायला सांगितलं. अंगणात उणे ९८. पडवीत १०७. जांभ्याच्या भिंती आणि वर पत्रा असलेल्या स्वयंपाकघरात १२१. बाई म्हणाल्या, “चुलीपाशी रेंज मरते, हे मी तीनदा फोन करून सांगितलं, भाऊ. तुमच्या यंत्राला आज कळलं होय?” खिडकीच्या गजाला एक कापडी पिशवी लटकत होती. फोन दिवसभर तिच्यात असायचा, कारण घरात तेवढी एकच जागा चालते हे त्यांनी महिनाभर फोन इकडेतिकडे ठेवून शोधलं होतं. मी तिथे मोजलं: उणे १०१. बाईंची मोजणी बरोबर होती. यंत्राने भर घातली ती एवढीच, की पिशवीतला फोन खाडीपलीकडच्या लांबच्या टॉवरला धरून होता, आणि जवळच्या टॉवरचा अँटेना खाली, रस्त्याकडे झुकवलेला होता. तिथूनच तर ड्राइव्ह टेस्टची गाडी जायची.

लोक म्हणतात, पावसात रेंज जाते. आपण हसतो, कारण पाऊस ४जीच्या लहरींचं फारसं काही बिघडवत नाही, हे आपण शिकलेलो असतो. पण लोकांचं निरीक्षण खोटं नसतं. टॉवरची वीज जाते, बॅटरी उतरते. किंवा दोन टॉवरांमधला वरच्या वारंवारतेचा मायक्रोवेव्ह दुवा धो धो पावसात खरोखरच बुडतो. मग फोनवर आरएसआरपी उत्तम आणि नेट ठार मेलेलं. आषाढीला पंढरपुरात दांड्या भरलेल्या असतात आणि मेसेज जात नाही, तो आणखी वेगळा आजार. तिथे गर्दीने टॉवरची कुवत संपलेली असते. नुसती ताकद मोजून ‘सिग्नल ठीक आहे’ असं लिहिणारा हे तिन्ही रोग एकाच गोळीवर काढतो.

यापुढे गाडी कमी लागेल. मोबाइलचे मानदंड ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या दहाव्या आवृत्तीपासून, ग्राहकाने संमती दिली तर त्याचा फोनच जागेसकट मोजमाप कळवू शकतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी मोबाइल कंपन्यांना व्याप्तीचे नकाशे जाहीर करायला लावले आहेत. दोन्ही गोष्टी मला आवडतात. फक्त चुलीपाशी जीपीएस लागत नाही, आणि नकाशाचा हिरवा कुठे सुरू होतो हे आधी विचारावं लागतं. तेव्हा या संमेलनाच्या ठरावात माझी एवढीच भर घाला: तक्रारीवर केलेल्या मोजणीला तक्रारदार सोबत असावा, त्याची सही किंवा नकार नोंदवावा, आणि मूळ लॉग फाइल, वगळलेल्या तुकड्यांसकट, त्याला मागता यावी. वडिलांच्या खात्यात इतपत शिस्त साखळीच्या काळापासून होती.

आज सकाळी साडेआठला इथे खुर्च्या लागत होत्या, तेव्हा मी लॉगिंग लावून सभागृहात फिरलो. या ध्वनिक्षेपकापाशी उणे ९४, मधल्या रांगांत १०३, मागच्या डाव्या कोपऱ्यात खांबाआड ११७. पण तेव्हा सभागृह रिकामं होतं, आणि माणसांची शरीरंही लहरी पितात. त्या कोपऱ्यातल्या दोन मुली मघापासून फोन खिडकीशी धरून बसलेल्या मला इथून दिसताहेत. चहाच्या सुट्टीत मी पुन्हा मोजायला येतोय. तुम्ही दोघी जागा सोडू नका.